गोलातला लाल पडदा

काचेच्या दारापलीकडे माणसं उभी होती आणि दार कोणी उघडत नव्हतं.

मला ती माणसं दिसत नव्हती, आवाज तेवढे येत होते. माझ्या डोक्यावर मखमलीचा पडदा होता, आतून काळं अस्तर लावलेला. त्याच्याखाली वाकून मी हातगाडी ढकलत दारापर्यंत आणली होती. गाडीवर भाभी पडली होती. पडद्यावर बाहेरून आग्या माशा बसल्या होत्या, आणि ज्या आत शिरल्या त्या आमच्या अंगावर होत्या. एका हाताने मी काच बडवत होते. दुसरा हात भाभीच्या नाकासमोर धरला होता. थोड्या वेळापूर्वी ती बोलत होती. मग बोलणं बंद झालं आणि घरघर सुरू झाली. आता घरघरही थांबून थांबून येत होती.

"उघडा!" मी ओरडले. "माणसं आहोत आम्ही!"

आतून बायकांचा गलका आला, "नोका उघडू! लेकरं आहेत इथी!" एक माणूस ओरडत होता, "चाबी देऊ नोका रे कोणाले!"

त्यांचं चुकत नव्हतं. आत लेकरं होतीच. मी आत असते तर मीही तेच ओरडले असते. पण मी बाहेर होते. दवाखान्याची गाडी मागच्या दाराशी लागते, आणि बाहेरून वळसा घालायचा तर सगळीकडे माशा, म्हणून या दारातून आत शिरल्याशिवाय वाट नव्हती. दार उघडलं नाही तर भाभी तिथंच मरणार, हे मला स्पष्ट कळत होतं. मी काच बडवत राहिले.

आमच्या सभागृहाचं नाव पेपरात लांबलचक येतं. त्यात संकुल आहे, केंद्र आहे, आणखी दोन-तीन शब्द आहेत. लोक त्याला गोल म्हणतात, कारण त्याचं छत पालथ्या कढईसारखं आहे. आधी तिथं धानाची शेतं होती. आता मधोमध लाकडी फरशीचं मैदान आहे, तीन बाजूंनी खुर्च्या आणि चौथ्या बाजूला रंगमंच. कबड्डी तिथंच, लग्न तिथंच, भरतीची परीक्षा तिथंच, नाटक तिथंच. ब्रह्मपुरीपासून गोंडपिपरीपर्यंतचे लोक येतात. ऊर्जानगरच्या कंपनीच्या बसा आल्या की मला लगेच कळतं. ते लोक चपला रांगेत काढतात. बाकीचे ढीग करतात आणि जाताना दुसऱ्याची घालून जातात.

मी गोलात झाडते, पुसते. पहिल्या दिवसापासून मीच आहे. मागच्या बाजूला एक खोली आहे, तिथं राहते. नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा हैदराबादकडे कामाला असतो, रविवारी फोन करतो, जेवली का म्हणून विचारतो. मी जेवली म्हणते. एवढंच बोलणं होतं. त्यात दुःख करण्यासारखं काही नाही. त्याला काम आहे, मलाही आहे.

भाभी आली ती पडद्यामुळे. रंगमंचाला नागपूरहून तयार पडदा मागवला होता, तो लावला तर दोन्हीकडून उघडं राहिलं. नाटकातला मेलेला माणूस उठून पाणी पिताना लोकांना दिसला आणि सगळा गोल हसला. मग गोलाचा कारभार बघणाऱ्या साहेबांनी ठरवलं की कापड आणून इथंच शिवून घ्यायचं. बाजारात एक शिवणवाली होती. तिचा नवरा गाद्या भरायचा, तो वारल्यावर ती गाद्यांच्या खोळी आणि मंडपाच्या कनाती शिवायची. मोठ्या कापडाला न भिणारी तेवढी एकच बाई होती. तिला सगळे भाभी म्हणायचे, मीही म्हणायला लागले. ती मला बाई म्हणायची.

एवढं कापड पसरायला गावात जागा नव्हती. तिच्या दुकानात तर गुडघा टेकायला जागा नाही. म्हणून पडदा गोलाच्या मैदानातच शिवायचं ठरलं, आणि मदतीला मला दिलं.

पहिल्या दिवशी तिने कापड मशीनखालून ओढून बघितलं. मखमल इतकी जड की आम्ही दोघी ओढतोय आणि टाका वाकडा पडतोय. भाभी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला गुडघ्याचा त्रास होता आणि अंगाने ती माझ्या दीडपट.

"बाई," ती म्हणाली, "ये कपडा नाई हलत. मशीनच हलवू."

"मशीन का बैल आहे का?"

"बैल तू आहेस ना."

स्पीकरचे खोके वाहायची एक बुटकी हातगाडी होती, चार चाकांची. तिच्यावर भाभीने हातमशीन ठेवली, स्वतः मांडी घालून बसली आणि मी मागून ढकलायला लागले. कापड जागेवर पडून राहायचं, मशीन त्याच्या काठाने चालायची. ती हात फिरवायची, मी गाडी सरकवायची. जोरात ढकललं की टाका लांब पडायचा आणि ती ओरडायची. हळू ढकललं की एकाच जागी दोरा जमायचा आणि ती आणखी ओरडायची. दोन-तीन दिवसांनी मला तिच्या हाताचा अंदाज आला. मग ओरडणं थांबलं आणि बोलणं सुरू झालं.

लाकडाला ओरखडे पडू नयेत म्हणून चाकांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. तरी एक चाक चुईं-चुईं करायचं. गोल रिकामा असला की तो आवाज छतापर्यंत जाऊन परत यायचा. दारावरचा चौकीदार वैतागायचा. तो चांगला माणूस आहे, पण दुपारी त्याला झोप लागते.

"तेल टाका ना वं त्या चाकाले!" तो दारातून ओरडायचा. "डोस्कं उठलं माहं!"

"तेल लागलं मखमलीले तं कोण धुवन?" भाभी विचारायची. "तू धुशील?"

"मंग दुसरी गाडी घ्या."

"दुसरं डोस्कं घे ना तूच."

तो पुटपुटत खुर्ची बाहेर न्यायचा. त्या चाकाला शेवटपर्यंत तेल लागलं नाही. पुढे पडदा शिवून झाला, टांगला, उघडायला-मिटायला लागला, तरी भाभी गोलात येतच राहिली. कधी कनात शिवायची, कधी खुर्च्यांच्या खोळी, कधी काही नाही, नुसता चहा. चहा मी करायची. तिला इतकी साखर लागायची की मी म्हणायची, चहा कशाला पितेस, साखरच खा. ती म्हणायची, तू करतेस त्याला चहा म्हणतात हे मला आजच कळलं. असं आमचं चालायचं. माझ्या आयुष्यात माझ्याशी इतकं रोज रोज भांडलेलं दुसरं कोणी नाही. नवराही नाही. तो चिडला की गप्प बसायचा.

मोहोळाचं सांगायचं राहिलं. गोलाच्या पुढच्या बाजूला मोठं पोर्च आहे, उंच खांबांचं. मोह फुलला त्या दिवसांत एका वर्षी आग्या माशा आल्या आणि पोर्चच्या छताला लटकल्या. बघता बघता मोहोळ सुपापेक्षा मोठं झालं. साहेबांनी काढायला माणूस बोलावला होता. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, एवढ्या उंच शिडी नाही, आणि त्या काही करत नाहीत, राहू द्या. मग फाटकाजवळ बोर्ड लागला. माझी चौथी झाली आहे, तेवढं मला वाचता येतं. फटाके फोडू नये, ढोल-बॅंड वाजवू नये. लोकांनीही ते पाळलं. वरात वाजत-गाजत फाटकापर्यंत यायची आणि फाटकात मुकी व्हायची. नवरदेव पोर्चमधून चोरासारखा आत शिरायचा. पाहुणे वर बघून हात जोडायचे. हळूहळू ती रीतच झाली. बाहेरगावच्या लोकांना वाटायचं आमच्याकडे काही देवाचं आहे.

बोर्डावर धुराचं काही लिहिलेलं नव्हतं. सभागृहाच्या पोर्चमध्ये कोणी धूर करील असं कोणाच्या मनात येईल?

त्या दिवशी गोलात शेतीचं प्रदर्शन होतं. आत बियाणं, अवजारं, पापड-लोणच्यांची दुकानं. मागच्या मोकळ्या जागेत बैलजोड्या दाखवायला आणल्या होत्या. थंडी होती, पण दुपारचं ऊन आमच्याकडे थंडीतही चटकतं. वैनगंगेच्या काठच्या एका गावचा म्हातारा आपली जोडी घेऊन पुढच्या बाजूला आला. एक बैल पांढरा, एक कबरा. मागे गर्दी फार आहे, बैल बुजतात, म्हणून त्याने ते पोर्चच्या खांबाला सावलीत बांधले. चौकीदार म्हणाला, "बैल इथी नोका बांधू बाबाजी." म्हातारा म्हणाला, "तुह्या खुर्चीले तं सावली पायजे, अन् माह्या बैलाले नाई?" चौकीदाराला हसू आलं आणि त्याने राहू दिलं.

भाभी तिथंच होती. पडद्याची खालची दुमड उसवली होती. कबड्डीची पोरं त्यात पाय अडकवून पडतात. तिने पडदा उतरवून पोर्चमध्ये आणायला लावला होता, कारण तिची नजर कमी झाली होती आणि बाहेर उजेड चांगला. तीच हातगाडी, तिच्यावर तीच मशीन. ती बाजूला बाजेवर बसून आधी हाताने टाके घालत होती.

तिचं आणि म्हाताऱ्याचं लगेच जमलं. तिला बैलांचं काही कळत नाही. बाजारपेठेत जन्मली, तिथंच वाढली, दुधाचं जनावरसुद्धा घरात नव्हतं. तरी ती विचारत होती, ह्याचं नाव काय, तो रात्री झोपतो कसा, शिंगांना काय लावता. म्हातारा सगळं सांगत होता. पांढरा शहाणा आहे, कबरा बदमाश आहे. पांढऱ्याला हाक मारली की येतो, कबऱ्याला काठी मारावी लागते. भाभी म्हणाली, "मंग कबराच चांगला, त्याले कोणी फसवत नाई." म्हातारा खूप हसला.

बैलांना माशा त्रास देत होत्या. घरमाशा, गोमाशा. पांढरा पाय आपटत होता. आमच्याकडे गोठ्यात माशा झाल्या की धानाचा कोंडा, गोवरी आणि निंबाचा पाला पेटवून धूर करतात. संध्याकाळी प्रत्येक गोठ्यातून तो धूर निघतो. लहानपणी मी रोज करायची. जनावर त्या धुरात डोळे मिटून उभं राहतं, त्याला बरं वाटतं. म्हातारा बैलांसाठी कोंडा आणि दोन गोवऱ्या सोबत घेऊनच आला होता, जसं आपण प्रवासात पाण्याची बाटली नेतो. निंबाचं झाड फाटकाशीच आहे. पेटवायला त्याला काही मिळेना, तर भाभीने आपल्या पिशवीतल्या चिंध्या दिल्या.

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा धूर निघत होता. मला तो वास गोड वाटला. दारात उभी राहून मी दोनदा तो वास घेतला. भाभी म्हणाली, "अगे बाई, ये तो लोबानसारखा आहे." म्हाताऱ्याने पांढऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. आमच्यातल्या कोणीही वर बघितलं नाही. मी रोज त्या मोहोळाखाली झाडायची. ते मोहोळ आहे हे मी विसरूनच गेले होते, जसं घरातलं घड्याळ आपण विसरतो.

वरून आधी एक आवाज आला. पावसाची सर दुरून येते तसा. मग उजेड कमी झाला.

चौकीदार सगळ्यात आधी ओरडला. पोर्चमधली, पायऱ्यांवरची सगळी माणसं दाराकडे धावली आणि आत घुसली. चहाचे पेले माझ्या हातातून पडले. भाभी उठायला गेली, गुडघ्याने दगा दिला, ती बाजेवरून खाली पडली. म्हातारा धावला नाही. तो बैलांच्या दाव्यापाशी गेला आणि गाठ सोडायला लागला. "पळ ना बाबाजी!" मी ओरडले. तो म्हणाला, "बांधलेले आहेत ना ते!" एवढंच मी ऐकलं. मग मी पडद्याचा काठ धरला आणि भाभीवर आणि माझ्यावर ओढून घेतला.

पडद्याखाली काळोख होता. काळं अस्तर तिनेच लावलं होतं, उजेडाचा एक ठिपका येणार नाही असं. ज्या माशा आत आल्या त्यांना बाहेरची वाट दिसेना, आणि आम्हालाही. भाभीला माझ्यापेक्षा फार जास्त चावल्या होत्या. तिच्या केसांत त्या अडकल्या होत्या.

"बाई," ती म्हणाली, "गला बंद होतोय."

"बोलू नको."

"बाई, तुझा चहा नाई पिला."

"गप बस म्हटलं ना."

"मशीन..."

गाडी तिथंच होती. मी हाताने चाचपली. मशीन जड होती, मी ती खाली ढकलून दिली. ती पडल्याचा आवाज ऐकून भाभी कण्हली, स्वतःच्या दुखण्याने नाही, मशीनसाठी. मग मी तिच्या काखेत हात घातले. ती माझ्याने उचलली गेली नसती. अर्धी ती स्वतः चढली, अर्धी मी लोटली. पडदा दोघींवर ओढून घेतला आणि ढकलायला सुरुवात केली.

मला काही दिसत नव्हतं. पण ते पोर्च मी इतक्या वेळा अनवाणी पुसलं आहे की पायाला माहीत होतं. आधी खरखरीत दगड, मग गुळगुळीत दगड, मग पाय पुसायची लोखंडी जाळी. जाळी पायाला लागली आणि गाडी काचेवर आदळली. चौकीदाराने दार लावून घेतलं होतं.

तर मी तिथं काच बडवत होते.

आतल्या लोकांना काय दिसत होतं ते मला नंतर चौकीदाराने सांगितलं. काचेबाहेर लाल कापडाचा एक ढीग, त्याच्यावर माशांचा थर, आणि तो ढीग दारावर धडकतोय. जाड मखमलीतून माझे शब्द त्यांना कळत नव्हते, त्यामुळे ढिगात माणूस आहे की जनावर, एक आहे की चार, काही समजत नव्हतं. काही लोकांना वाटलं बैल पडद्यात गुंतला आहे. चावी चौकीदाराच्या खिशात होती आणि दोघांनी त्याचे हात धरले होते.

मी गाडी थोडी मागे घेतली, आणखी जोरात आदळावी म्हणून. तेव्हा चाक वाजलं. चुईं-चुईं.

"अरे त्या आहेत!" चौकीदाराचा आवाज आला. "ते चाक आहे त्याईचं! सोडा बे मले, त्या दोघी आहेत!"

मग कुलूप वाजलं. दार एका बाजूने उघडलं, कोणीतरी गाडी धरून आत खेचली आणि दार परत लागलं. पडदा दारातच ओढून काढून बाजूला फेकला. चौकीदाराच्या हाताला, मानेला माशा लागल्या. आत किंचाळ्या, खुर्च्या पडल्याचे आवाज. ज्या बायका नका उघडू म्हणत होत्या त्यातलीच एक स्वतःच्या पदराने भाभीच्या तोंडावरच्या माशा झटकत होती. मला तेवढं आठवतं. तिचं तोंड आठवत नाही.

लाकडी मैदानावर चपला घालून कोणी चालत नाही, हा गोलाचा नियम. त्या दिवशी मी आणि चौकीदार ती गाडी त्या मैदानावरून सरळ मागच्या दाराकडे पळवत नेली. चाकांच्या चिंध्या केव्हाच निघून गेल्या होत्या. लाकडावर लांब ओरखडा पडला. तो अजून आहे. मी त्याच्यावरून रोज पोछा मारते.

सरकारी दवाखान्यात तिला आत नेलं आणि मला बाकावर बसवलं. मलाही सुई दिली. माझा एक डोळा सुजून मिटला होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत बघू." मी विचारलं, "वाचन का?" त्या म्हणाल्या, "बघू म्हटलं ना आजी." मला त्यांचं बोलणं आवडलं. खोटं बोलल्या नाहीत.

भाभीचा मुलगा आणि सून आले. मुलगा फर्निचरच्या दुकानात काम करतो, हाताला भुसा तसाच होता. तो माझ्याजवळ बसला आणि काही विचारायचं सोडून त्याने माझ्यासाठी चहा आणला. चहात साखर फार होती. मी पिऊन टाकला.

बाकावर बसल्या बसल्या मी काय विचार करत होते ते सांगते. ती गेली तर चहा किती टाकायचा, हा विचार करत होते. एका माणसाचा चहा करायची सवय माझी मोडली होती. पातेलं तेच आहे, त्यात एक पेला चहा तळाला लागतो. हेच फिरून फिरून डोक्यात येत होतं. देवाला काही बोलले नाही. पातेल्याचाच विचार केला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. भाभीच्या नाकाला नळी होती. तोंड एवढं सुजलं होतं की ओठ कुठे आणि गाल कुठे ते कळेना. पण छाती सारखी वर-खाली होत होती, न थांबता. मी हात नाकासमोर धरून बघितला. सवयीने.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई म्हणाली, केसांत काटे राहिले आहेत, नखाने खरवडून काढा, चिमटीत धरू नका. सुनेला ते बघवेना, म्हणून मी बसले. इतक्या वर्षांत भाभीचं डोकं मी उघडं बघितलं नव्हतं. केस पांढरे आणि पातळ, मेंदीने टोकाला तांबडे. मधल्या भांगात लेकराच्या टाळूसारखी कातडी. मी एकेक काटा नखाने काढून फडक्यावर पुसत होते.

"हलकू," ती म्हणाली. दार उघडल्यापासूनचा तिचा पहिला शब्द.

"हलकूच करून राह्यली."

"टाका मोठा पडतोय तुझा."

"पडू दे. तुह्या डोक्याचा पडदा नाई शिवाचा."

ती हसायला गेली आणि तोंड दुखलं. मग तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली.

"मले वाटलं, तू सोडून जातेस."

"कुठी जाणार? गाडी कोण ढकलत होतं?"

"अंधार होता ना. दिसत नव्हतं कोण ढकलतंय."

"दुसरं कोणी ढकललं असतं तं तू ओरडली असतीस," मी म्हटलं. तिने माझं मनगट धरलं. मी दुसऱ्या हाताने काटे काढत राहिले.

म्हातारा त्याच दवाखान्यात होता, पुरुषांच्या बाजूला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला उभं राहता आलं तेव्हा तो आला. दोन्ही हात पट्ट्यांत. कानही सुजून मोठे झाले होते. खाटेच्या पायथ्याशी तो उभा राहिला, बसा म्हटलं तरी बसेना.

"बाई," तो भाभीला म्हणाला, "धूर मी बैलासाठी केलता."

"मालूम आहे, भाऊ."

"माह्या ध्यानातच नाई आलं वर."

"चिंध्या मीच दिल्या ना," भाभी म्हणाली. मग तिने विचारलं, "तुमचे बैल?"

म्हाताऱ्याने सांगितलं. आधी त्याने कबऱ्याची गाठ सोडली, कारण कबरा फार धडपडत होता. तो सुटून रानाकडे पळाला. पांढरा शहाणा, शांत उभा होता. त्याची गाठ सोडेपर्यंत म्हाताऱ्याला दिसायचं बंद झालं. पांढऱ्याने दावं तोडायला जोर लावलाच नाही. "मी सोडन म्हणून उभा होता तो," म्हातारा म्हणाला. कबरा पुढे लोकांना नाल्याच्या पाण्यात उभा सापडला.

भाभी रडली. मी तिला रडताना पहिल्यांदा बघितलं. स्वतःचा गळा बंद होताना रडली नव्हती. ज्या जनावराला तिने कधी हात लावला नव्हता, नुसतं नाव विचारलं होतं, त्याच्यासाठी रडली. म्हातारा पट्टी बांधलेला हात तिच्या पायाजवळ ठेवून उभा राहिला. त्याला मी खुर्ची दिली. तेव्हा तो बसला. मी तिघांसाठी चहा आणायला गेले. चहावाल्याला म्हटलं, एकात साखर जास्त.

मोहोळ त्या धुरानंतर उठून गेलं. छतावर त्याचा डाग आहे. बोर्डावर धुराची एक ओळ वाढवली आहे. वराती अजूनही फाटकात मुक्या होतात. वर काही नाही हे लोकांना सांगून झालं, तरी होतात. म्हातारा कबऱ्याला दुसरा जोडीदार मिळेपर्यंत शेजाऱ्याच्या बैलासोबत जुंपायचा. धान निघालं की भाभीकडे आणि माझ्याकडे एकेक पिशवी तांदूळ पाठवतो.

पडदा आम्ही दोघींनी मैदानात पसरला. मखमलीत माशांचे पंख अडकले होते, ते ब्रशने काढायला बरेच दिवस गेले. मशीनचा हात वाकला होता, तो भाभीच्या मुलाने सरळ करून दिला. दुमड परत शिवली. भाभीला आता जास्त वेळ बसवत नाही, पण गाडीवर बसली, हात फिरवला, मी ढकललं. चाक वाजलं. चौकीदार दारात खुर्चीवर होता. थोड्या वेळाने त्याने खुर्ची उचलून आत आणली आणि आमच्याजवळ बसून झोपला.

त्या दिवशी पोर्चमध्ये मोहोळाखाली आम्ही होतो ते इतके: म्हातारा, त्याचे दोन बैल, भाभी आणि मी. पांढरा बैल गेला. कबरा वाचला, म्हातारा वाचला, मी वाचले. भाभी वाचली.